दुःख विचारावयास जाणाऱ्यांसाठी

(वर्षावासात भरलेल्या युवक-युवतींच्या अभ्यासवर्गात एका वकील उपासकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आपल्या घरांतील मुले-मुली आता समाजशास्त्र, समाजकार्य, मानववंशशास्त्र, कायदा असे विषय शिकू लागली आहेत. त्या अभ्यासाचा भाग म्हणून ती वही घेऊन गावोगाव जातात, माणसांत राहतात, त्यांचे बोलणे ऐकतात आणि टिपून घेतात. या पद्धतीस क्षेत्रकार्य असे म्हणतात. कोणी पाणवठ्याच्या तंट्यावर लिहितो, कोणी बहिष्कारावर, कोणी अत्याचारानंतर गाव सोडून आलेल्या कुटुंबांवर. प्रश्नावली कशी रचावी, माणसे कशी निवडावीत, उत्तरांची मांडणी कशी करावी, हे सर्व त्यांना महाविद्यालयात शिकविले जाते. परंतु जो विचारतो त्याच्या मनाचे काय होते, हे त्यांना फारसे कोणी सांगत नाही. विचारणारा परका असेल तर त्याचे काम अवघड असतेच. तो आपल्याच घरातला असेल तर ते कितीतरी पटींनी अवघड होते. कारण ज्या अपमानाची तो चौकशी करावयास जातो, तो अपमान त्याच्या आजीने सोसलेला असतो, आणि पुष्कळदा त्याने स्वतःही.

मी मानववंशशास्त्रज्ञ नाही. अत्याचाराच्या खटल्यांत फिर्यादी कुटुंबांच्या बाजूने उभे राहणे हे माझे काम. त्यामुळे या वह्या मी दुसऱ्या टोकाकडून पाहिल्या आहेत. एखाद्या माउलीने अभ्यासकाला काय सांगितले, पोलिसांना काय सांगितले आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिच्या तोंडून काय निघाले, हे तिन्ही ज्याच्यासमोर येते तो वकील. त्या अनुभवाच्या आधारावर मी बोलणार आहे.

प्रथम आपण बाबासाहेबांकडे जाऊ. अस्पृश्यांच्या व आदिवासींच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी 1928 साली मुंबई सरकारने एक समिती नेमली होती. स्टार्ट हे तिचे अध्यक्ष होते. बाबासाहेब तिचे सभासद होते. त्या कामासाठी इलाख्यात फिरत असता 1929 च्या ऑक्टोबरात ते खानदेशात गेले. धुळे मार्गावरील एका गावी अस्पृश्यांवर सवर्णांनी बहिष्कार घातला होता, त्याची त्यांना चौकशी करावयाची होती. परतीच्या वाटेवर चाळीसगावच्या स्थानकात तेथील आपली माणसे भेटावयास आली आणि त्यांनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला. बाबासाहेब थांबले. टांगा मात्र लवकर येईना. बऱ्याच वेळाने एक टांगा आला. तो हाकणाऱ्याला हाकण्याची सवय नाही, हे पहिल्या काही पावलांतच दिसून आले. पुढे नदीच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत गेला.

खरी हकीकत त्यांना मागाहून कळली. एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकण्यास तयार नव्हता. पाहुण्याने महारवाड्यापर्यंत पायी यावे हे यजमानांना अपमानास्पद वाटले. अखेर टांगा भाड्याने मिळाला. हाकणारा मिळाला नाही. तेव्हा त्यांनी आपल्यातलाच एक माणूस बसविला. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूसही एखाद्या साध्या टांगेवाल्याच्या दृष्टीने आपल्याहून हलकाच ठरतो, अशी त्याची मीमांसाही त्यांनी केली आहे.

आपण सारे हा प्रसंग टांगेवाल्याच्या उद्दामपणाचा दाखला म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. आज मी त्यातील दुसऱ्या एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधणार आहे. बाबासाहेब चौकशीसाठी निघाले होते. जातिभेदाचा पुरावा गोळा करणे हेच त्यांचे काम होते. तो पुरावा स्थानकाबाहेर त्यांच्यासमोर उभा होता, आणि त्यांच्याच माणसांनी तो त्यांच्यापासून लपविला. कां लपविला? भीतीने नव्हे, प्रेमाने. आपल्या साहेबांना ही लाज पाहावी लागू नये म्हणून. ज्याला सर्व काही सांगावयाचे, त्यालाच नेमके मोठे दुःख सांगितले जात नाही. कारण तो आपला असतो आणि त्याला जपावयाचे असते.

तुमच्यापैकी जो कोणी आपल्या वस्तीत वही घेऊन बसेल, त्याला हा अनुभव येईल. आजी चहा करील, नातवंडांची चौकशी करील, पिकाचे, पावसाचे, मोर्चाचे सांगेल. ज्या वर्षाबद्दल तुम्हांस विचारावयाचे आहे त्या वर्षाजवळ गोष्ट आली की ती म्हणेल, “जाऊ दे रे बाळा, तू जेव आधी.” पुस्तकात याला उत्तर टाळणे असे नाव असेल. मी त्याला जपणे म्हणतो. अशा वेळी रेटून प्रश्न विचारणारा अभ्यासक मला मान्य नाही. जेवणाचे ताट समोर आले असेल तर जेवावे. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात, कदाचित तिच्या मनाने ती सांगेल. नच सांगितले तर तुमच्या प्रबंधाचे एक पान कमी होईल. तिचे काही कमी होणार नाही.

विचारणारा कोण, यावर काय सांगितले जाते हे ठरते, ही गोष्ट परदेशी अभ्यासकांनाही अनुभवाने उमगली. जेराल्ड बेरेमन नावाचा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हिमालयाच्या पायथ्याकडील एका गावात राहून अभ्यास करीत होता. त्याचा दुभाषी ब्राह्मण होता. तो आजारी पडून गेला आणि त्याच्या जागी मुसलमान दुभाषी आला. तेव्हा तीच माणसे निराळे बोलू लागली, आणि खालच्या मानलेल्या जातींची माणसे अधिक मोकळी झाली. 1962 साली त्याने हे प्रामाणिकपणे लिहून प्रसिद्ध केले. एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 साली म्हैसूरजवळच्या गावी राहून जो अभ्यास केला, त्यात गाव बहुतांशी वरच्या जातींच्या ओसरीवरून पाहिले गेले. जो जेथे उतरतो, तेथून त्याला गाव दिसते.

पण हे दोघेही गावात उतरू शकले. आपल्या मुलीला गावात खोली मिळेल काय? नाव विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न आडनावाचा असतो; आडनावावरून उलगडा झाला नाही तर तिसरा प्रश्न गावाचा. काही मुले या प्रश्नांना कंटाळून किंवा भिऊन दुसरीच जात सांगतात. मी त्यांना दोष देत नाही. ज्याला त्या गावात एकट्याने रात्र काढावयाची आहे त्याची भीती खरी असते. तरीपण असे करू नका, असा माझा सल्ला आहे. खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे, हे एक कारण. दुसरे कारण व्यवहारातले. जो जात लपवून राहतो, तो ओट्यावर बसून आपल्याच लोकांविषयी वाटेल ते ऐकून घेतो, मान डोलावतो, कधी हसतोही. आणि रात्री ते हसणे त्याला झोपू देत नाही. त्यापेक्षा तालुक्याच्या गावी राहावे, रोज एस.टी.ने जावे-यावे. “मी बौद्ध आहे” एवढे उत्तर पुरे आहे. ज्याला त्यानंतर बोलावयाचे नसेल त्याच्या न बोलण्याचीही नोंद होऊ शकते.

ज्यांनी अत्याचार केला त्यांच्या घरीही अभ्यासकाला जावे लागते. तेथे त्याला चहा मिळतो, कदाचित वेगळ्या कपात. समोरचा माणूस सौम्य असतो, आपल्या आईची सेवा करणारा असतो, शाळेला देणगी देणारा असतो. हे पाहून मन गोंधळते. राक्षस भेटावयास हवा होता आणि सभ्य गृहस्थ भेटला, म्हणजे आपण ऐकलेले खोटे की काय, अशी शंका येते. वकिलीत हे रोजचेच आहे. मनुष्य आपल्या ओसरीवर सभ्य असतो आणि बांधावर तसा नसतो. जातीची व्यवस्था याच दुटप्पीपणावर उभी आहे. त्याचे म्हणणे नीट लिहून घ्यावे, शब्द बदलू नयेत. पण तेथून निघाल्यावर त्याच दिवशी वस्तीत परत जाऊ नये. आपण चहा घेतला हे वस्तीने पाहिलेले असते.

आपल्याला किसा गोतमीची कथा ठाऊक आहे. तिचे मूल मेले. ती औषध मागत फिरली. भगवंतांनी तिला सांगितले की, ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आण. ती घरोघर गेली. वस्तुतः ते क्षेत्रकार्यच होते. आपण कथा तिच्या बाजूने ऐकतो: तिला सत्य उमगले, तिचा शोक निवळला. मला त्या घरांचाही विचार येतो. प्रत्येक उंबरठ्यावर कोणाला तरी आपला मेलेला मुलगा, नवरा, आई आठवावी लागली. गोतमीच्या हाती उत्तर आले. त्या गृहिणी मोहरीचा डबा हातात धरून उभ्या राहिल्या. पण तिच्यात आणि आपल्यात एक भेद आहे. तिच्या कडेवर तिचे मेलेले मूल होते. आपले दुःख लपवून तिने दुसऱ्याचे विचारले नाही, म्हणून तिला कोणी निर्दय म्हटले नसेल.

खैरलांजीचे स्मरण येथे टाळता येत नाही. भंडारा जिल्ह्यातील त्या गावात 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. भय्यालाल भोतमांगे मागे राहिले. त्यानंतर पोलीस आले, केंद्रीय अन्वेषण विभाग आला, सत्यशोधन समित्या आल्या, पत्रकार, पुढारी, अभ्यासक आले. प्रत्येकाला तेच आणि पहिल्यापासून ऐकावयाचे होते. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी सहांना फाशीची शिक्षा दिली. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा सिद्ध झाला असे मानले नाही. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांची जन्मठेप केली. जानेवारी 2017 मध्ये भय्यालाल वारले. दहा वर्षांहून अधिक काळात त्या एका माणसाने ती संध्याकाळ किती वेळा पुन्हा सांगितली असेल, याचा हिशेब कोणत्याही अहवालात नाही. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण तळमळीचे होते, हे मी जाणतो. तळमळीने विचारलेला प्रश्नही शंभराव्या वेळी दगडासारखाच लागतो.

म्हणून जावयाच्या आधी एक काम करावे: जे छापलेले आहे, न्यायालयाच्या निकालात आहे, समितीच्या अहवालात आहे, ते आधी वाचावे. जे कागदावर आहे ते माणसाला पुन्हा विचारू नये. आळसाने विचारलेला प्रश्न हा मी या कामातील सर्वांत मोठा अन्याय समजतो.

आता विचारणाऱ्याच्या स्वतःच्या मनाविषयी. परत आल्यावर झोप न लागणे, जेवण नकोसे होणे, क्षुल्लक गोष्टीवरून घरच्यांवर खेकसणे, ऐकलेला प्रसंग आपणच पाहिला होता असे भासणे, ही लक्षणे मी तरुण वकिलांत पाहिली आहेत आणि अभ्यासकांतही. दुसरीही एक अवस्था असते, आणि ती मला अधिक भयंकर वाटते. पंधरावी हकीकत ऐकताना काहीच वाटेनासे होते. हात लिहीत राहतो आणि मन म्हणते, हे उदाहरण तिसऱ्या प्रकरणात बसेल. पहिल्या अवस्थेतील मुलाला वाटते की आपण दुबळे आहोत. दुसऱ्या अवस्थेतील मुलाला वाटते की आपण दगड झालो.

आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात ब्रह्मविहारांचे विवेचन करताना प्रत्येकाचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरता. तो ओळखणे सोपे. जवळचा शत्रू शोक. तो करुणेसारखाच दिसतो म्हणून घरात शिरतो. दुसऱ्याचे दुःख ऐकून मी इतका कोसळलो की त्या माउलीलाच मला पाणी द्यावे लागले, तर तेथे शोकाने करुणेची जागा घेतली असे समजावे. याचा अर्थ डोळ्यांत पाणी येऊ देऊ नये असा नाही. ते आले तर येऊ द्यावे, वही मिटावी, शांत बसावे. मात्र तिच्या दुःखाच्या सभेत आपण अध्यक्ष होऊ नये.

यासाठी एकट्याने काम करू नये, दोघांनी जावे. दिवसाला दोनहून अधिक घरे करू नयेत. आणि आपल्या मनात जे उठते ते निराळ्या वहीत लिहावे. मॅलिनोव्स्की हा या शास्त्राचा मोठा आचार्य; त्याची खाजगी रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर 1967 साली छापली गेली, तेव्हा ज्यांच्यात तो राहिला त्या लोकांविषयीचा त्याचा राग आणि तिटकारा तीत सापडला, आणि विद्वानांत गहजब झाला. मला त्यात एवढेच दिसते की मन कोठेतरी मोकळे होणारच. ते त्या लोकांवर मोकळे होण्यापेक्षा कागदावर झालेले बरे.

पण कागद म्हटला की वकिलाला बोलावेच लागते. अशिलाने वकिलाला सांगितलेल्या गोष्टीला कायद्याचे संरक्षण आहे. अभ्यासकाला सांगितलेल्या गोष्टीला तसे संरक्षण आपल्या कायद्यात नाही. “मी हे गुप्त ठेवीन” असे वचन तुम्ही द्याल. न्यायालयाने वही हजर करण्याचा हुकूम दिला तर ते वचन तुम्हांस वाचविणार नाही. 1 जुलै 2024 पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू आहे. साक्षीदाराचे पूर्वीचे लेखी कथन दाखवून त्याची विसंगती काढण्याची मुभा जुन्या कायद्याप्रमाणे त्यातही आहे. एखादी बाई पोलिसांना सांगते, “दिवेलागणीची वेळ होती.” तुम्हांला सांगते, “गुरे घरी येत होती.” तुमच्या दृष्टीने दोन्ही एकच. आरोपीचा वकील त्या अर्ध्या तासावर अर्धा दिवस उलटतपासणी करील. तेव्हा खटला चालू असेल तर घटनेचा तपशील तिच्याकडून लिहून घेऊ नका. तिच्या आयुष्याविषयी विचारा, घर कसे चालते ते विचारा, गावाने कसे वागविले ते विचारा. पण त्यापूर्वी तिच्या वकिलाशी बोला. नावे वहीत कधीही लिहू नका, खुणा वापरा, आणि खुणांची यादी निराळी ठेवा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या 72 व्या कलमाखाली त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गावाचे नाव, जिल्हा, मृत नवऱ्याचे नाव, मुलांची संख्या, एवढे छापले की ओळख झालीच.

विचारावयाचे ते केवळ जखमांविषयीच विचारावे, असेही नाही. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार या दोघींनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रिया शोधून काढल्या, त्यांना बोलते केले, आणि 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी या बायांना काय सोसले एवढेच विचारले नाही. काय केले हे विचारले. सभा कोणी भरविली, वर्गणी कोणी गोळा केली, सत्याग्रहाला कोण गेले. ज्या म्हातारीला पन्नास वर्षे फक्त दुःखच विचारले गेले, तिला तिच्या पराक्रमाविषयी विचारून पाहा. ती सावरून बसते. असा प्रश्न विचारणाऱ्यालाही घरी परतताना रिकाम्या हाती परतल्यासारखे वाटत नाही.

शेवटी, येथे बसलेल्या नवदीक्षित कुटुंबांसाठी. विचारणारे तुमच्या दारीही येतील. दीक्षा कां घेतली, कोणी सांगितले, काय मिळाले, देव कोठे ठेवले, असे प्रश्न येतील. कोणी अभ्यासक असेल, कोणी वार्ताहर, कोणी निराळ्याच हेतूने आलेला. त्याला प्रथम तुम्ही विचारा: नाव काय, कोठून आलात, हे कोठे छापणार, कोण वाचणार. त्याने लिहिलेले त्याच्याकडून वाचून घ्या. मुलांसमोर बोलावयाचे नसेल तर तसे सांगा. मध्येच थांबावेसे वाटले तर थांबा. सुरू केलेली गोष्ट पुरी केलीच पाहिजे असा कायदा नाही. आणि अत्याचाराचे प्रकरण असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे 15-अ हे कलम लक्षात ठेवा. 2015 च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण मिळण्याचा, न्यायालयातील तारखांची सूचना वेळेवर मिळण्याचा, आपले म्हणणे मांडण्याचा, आणि वकील, समाजकार्यकर्ते किंवा स्वयंसेवी संस्था यांचे साहाय्य घेण्याचा हक्क आहे. सुनावणीचे चित्रीकरण व्हावे असेही त्यात म्हटले आहे.

घरातलीच मुलगी असे ऐकून परत आली, तर त्या रात्री “काय ऐकलेस” म्हणून तिला विचारू नका. तिला जेवू घाला, झोपू द्या. सकाळी ती बोलली तर ऐका.

त्या कलमाच्या मराठी प्रती मी आणल्या आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी दाराजवळच्या टेबलावरून घ्याव्यात. आता आपण प्रश्नांकडे वळू. जय भीम.